शेवट छाटायचं काम

रिटायर झालेल्या माणसाला कोणी विचारलं, 'काय करत होतात?' तर त्याचं उत्तर एका शब्दात असावं. बँक. पोस्ट. शाळा. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि बोलणं पुढे गुडघेदुखीवर जातं. माझी मात्र दर वेळी पंचाईत होते. 'मी मोठमोठ्या फायलींचे शेवट दुरुस्त करत असे,' असं एकदा एका लग्नात मी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. समोरच्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आमच्या ह्यांच्याकडे, 'बिचारे कसे निभावतात' अशा नजरेनं. हे लगेच म्हणाले, "टायपिंगचं काम होतं हो हिचं." ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, म्हणून या दिवाळीला ते सविस्तर सांगून टाकते.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. खाली जीन्स शिवायचा कारखाना. शिलाई मशिनींची घरघर जमिनीतून वर यायची, खुर्चीच्या पायांतून अंगात शिरायची, आणि दुपारी ती अशी काही भिनायची की डोळे उघडे असूनही समोर दुसरंच काही दिसू लागायचं. ऐंशीच्या दशकात तिथे टाइपरायटर होते आणि आसपासची सिंधी मुलंमुली बोटं बडवायला शिकायला येत. मग टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. पाटी तीच राहिली, फक्त 'इन्स्टिट्यूट' खोडून 'जॉबवर्क' लिहिलं. मी अंबरनाथ पश्चिमेहून रोज येऊनजाऊन हे सगळं करत होते.

दादा माझ्याकडे आले ते नव्वदीच्या दशकात. लछमनदास त्यांचं नाव, पण गल्लीत लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत. कापडाचं दुकान मुलांच्या हवाली केलेलं, पांढरा लेंगा-सदरा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "बेटी, एक गाव लिहायचा आहे."

"पत्र लिहायचंय का दादा, गावाला?"

"गावाला नाही. गाव. अख्खा गाव."

त्यांचं गाव सिंधमधलं, एका नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, काठचं. फाळणीच्या वेळी ते सुटलं तेव्हा दादा पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्या गावची गल्लीन् गल्ली त्यांना सांगायची होती आणि मी ती टाइप करायची होती. भाषा हिंदी, लिपी आपली, कारण नातवंडांना सिंधीची जुनी, उर्दूसारखी लिपी येत नव्हती. आणि दादांना तर तीच तेवढी येत होती. म्हणजे लिहिणारी मी, सांगणारे ते, आणि जे लिहिलं ते त्यांना स्वतःला वाचता येणार नाही, असा आमचा कारभार.

पण पुस्तक खरं नातवंडांसाठी नव्हतं. ते होतं दादांच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला ते 'अदी' म्हणत, सिंधीत ताईला तसंच म्हणतात. अदी जवळच राहायच्या, अंथरुणाला खिळलेल्या. पुस्तक पुरं झालं की त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवायचं असं ठरलं होतं. "पर अदी ने बोला है," दादा सांगत, "सबसे पहले आखरी पन्ना सुनाना. बाकी बाद में." असं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला शेवटाची घाई असणारच.

आमचं काम सुरू झालं. दादा डोळे मिटत आणि चालू लागत. छत घातलेला बाजार, त्यात दुपारीही दिवे. लोणच्याच्या दुकानापाशी डावीकडे वळलं की मडक्यांचा ओटा. वरच्या मजल्यावरून कोणीतरी टोपली खाली सोडतंय. छपरांवर वारा पकडायला बांधलेले चौकोनी मनोरे, त्यातून नहरेचा गारवा खाली घरात उतरतोय. "इथे थांब बेटी," ते मध्येच म्हणत, "कोणतरी येतो आहे." आणि आम्ही दोघं खरंच थांबत असू, समोरून येणारा माणूस निघून जाईपर्यंत. खाली मशिनी घरघरत. संध्याकाळी अंबरनाथला उतरून घरी जाताना एखाद्या कोपऱ्यावर मला वाटायचं, इथे वळलं की लोणच्याचं दुकान लागणार. हे जेवताना विचारत, "आज कुठे आहात बाईसाहेब? अंबरनाथात की सिंधमध्ये?"

दादांच्या दोन अटी होत्या. पहिली अट, पुस्तकाचे भाग पाडायचे नाहीत, सगळं एकाच फायलीत. मी पुष्कळ समजावलं की प्रकरणाला एकेक फाइल करू. ते म्हणाले, "गल्लीतून गल्लीत जातो माणूस. मध्ये दरवाजा कशाला लावते?" दुसरी अट, रोज उठताना शेवटी 'बेड़ा पार' लिहायचं. झूलेलालचं, म्हणजे त्यांच्या जलदेवाचं, नाव घेताना सिंधी लोक म्हणतात तसं, म्हणजे होडी पैलतीराला लागली. आपल्या पोथीच्या शेवटी 'शुभं भवतु' असतं ना, तसंच. रात्री आपलं काही बरंवाईट झालं तर पुस्तक उघडं राहता कामा नये, असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवशी आलं की 'बेड़ा पार' काढायचं, गाव पुढे चालवायचं, आणि उठताना 'बेड़ा पार' पुन्हा लिहायचं.

ऐकायला सोपं वाटतं. इथेच माझा धंदा सुरू होतो, म्हणून जरा समजावून सांगते.

ज्यांनी स्वेटर विणलाय त्यांना हे लगेच कळेल. सुई जिथे असते त्या टोकाकडून चार ओळी उसवून पुन्हा विणता येतात, बाकीच्या स्वेटरला पत्ताही लागत नाही. मजकुराची फाइल अशीच असते. शेवटचं छाटा, शेवटाला जोडा, काही बिघडत नाही. पण आमच्याकडचे मजकूर लिहायचे प्रोग्रॅम याबाबतीत अडाणी होते. शेवटचा एक शब्द बदलायचा असला तरी ते आधी पहिल्या पानापासून सगळी फाइल गिळायला बसत आणि काम झालं की सगळी पुन्हा ओकत. त्या वेळच्या मशिनींचं पोट लहान आणि दादांचं गाव मोठं. मी फाइल उघडायला लावून चहा ठेवत असे. चहा होई, पिऊन होई, कप विसळून होत, तरी पडद्यावर आम्ही गावाच्या वेशीवरच. दादांना त्याचं काही नसे. "आने दो, आने दो," म्हणत, "पैदल आ रहा है गाव."

मग एकदा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथे एक कॉम्प्युटर रिॲक्टरचं तापमान थोड्या थोड्या वेळानं टिपून ठेवायचा, एक नोंद म्हणजे एक ओळ, सगळ्या एकाच भल्याथोरल्या फायलीत. वीज गेली होती आणि शेवटची ओळ अर्धीच लिहून राहिली होती. आता प्रोग्रॅम सुरू झाला की शेवटची ओळ वाचायचा, ती अर्धी बघून गोंधळायचा आणि बंद पडायचा. तिथले साहेब हैराण. फाइल इतकी मोठी की कुठल्याच प्रोग्रॅमच्या पोटात मावेना. "मॅडम, फक्त शेवटची अर्धी ओळ उडवायची आहे हो," ते म्हणाले, "त्यासाठी नवीन मशीन मागवू का मी?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. बोलले खरी, पण करायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं.

एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावर पायथन नावाची नवी भाषा होती. ह्यांनी ते नाव ऐकून म्हटलं, "आता साप पाळायचे का घरात?" शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, वीजही नसायची, त्यामुळे तिथेच नोकरीला असलेले हे घरी झोपलेले. मी त्या भाषेच्या माहितीचे छापून घेतलेले कागद घेऊन शिवमंदिरात गेले आणि सावलीला दगडावर बसले. पलीकडे वालधुनी नदीचं पाणी त्या दिवशी जांभळट होतं. देवळाच्या भिंतीवरच्या बायका हजार वर्षं कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, त्यांच्यापुढे मी शब्दकोश घेऊन एकेक इंग्रजी वाक्य फोडत होते. आणि त्यात मला हवं ते सापडलं. फाइल गिळायचीच नाही. तिला नुसता हात लावायचा, 'मला एकदम शेवटाला ने' म्हणायचं, तिथून थोडं मागे सरकायचं, तेवढाच तुकडा वाचायचा, त्यात शेवटची पुरी ओळ कुठे संपते ते शोधायचं आणि तिथून पुढे लिहायचं. आधीचं सगळं जिथल्या तिथे झोपलेलं राहतं. मी मोठ्यानं हसले असणार, कारण बेलाची पानं विकणारी बाई माझ्याकडे वळून बघायला लागली.

कारखान्यातली ती अर्धी ओळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेली. साहेबांनी विचारलं, "झालं? एवढंच?" एवढंच म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. पण तेव्हापासून माझं नाव झालं. कोणाची फाइल शेवटाला मोडली की लोक म्हणत, कॅम्प चारला त्या शेवटवाल्या बाईंकडे जा.

तरी सगळ्यांना ते पटत नसे. बदलापूरचे एक कारखानदार दसऱ्याला आले. वर्षभराच्या मालाची फाइल, आणि तिच्या माथ्यावर 'श्री' लिहायचं राहून गेलं होतं. मी स्वेटरची गोष्ट सांगितली. म्हटलं, शेवटाला लिहिते, क्षणात होईल. माथ्यावर घालायचं तर सगळी फाइल नव्यानं लिहावी लागेल. ते भडकले. "बाई, श्री कधी शेवटी लिहितात का? उद्या पत्रिकेत नवरा-नवरीच्या पायाशी गणपती छापाल!" मग मशीन लावलं सगळी फाइल पुन्हा लिहायला, आणि ते समोर वडापाव खात बसून राहिले. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा.

आता दादांचं गाव चहाच्या आधीच उघडू लागलं. पहिल्या दिवशी त्यांना विश्वास बसेना. "पैदल नहीं आया आज?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दादा, आता आपणच सरळ शेवटच्या गल्लीत जाऊन उभं राहायचं."

माझ्या पायथनच्या युक्तीत एक खोड होती, ती इथे सांगायला हवी. आमच्या मशीनवरच्या त्या पायथनला फाइल छाटायची आज्ञा चालत नव्हती. जुन्या शेवटावर नवा शेवट लिहिता यायचा, पण नवा जर जुन्यापेक्षा आखूड असला, तर जुन्याचा उरलेला भाग त्याच्या पुढे तसाच लोंबत राहायचा. आखूड परकराखालून आतलं दिसावं तसं. म्हणून मी दुसरा एक छोटा प्रोग्रॅम केला होता. पहिला नवा शेवट लिही, दुसरा उरलेल्या जागेत कोऱ्या जागा भरून जुनं पुसून टाकी. रोज दोन्ही चालवायचे, एकामागून एक.

गाव संपत आलं. बाजार झाला, घाट झाला, मास्तरांची शाळा झाली. आम्ही दादांच्या स्वतःच्या गल्लीत आलो, त्यांच्या घराच्या दारात आलो, आणि तिथे दादा अडकले.

त्या दारात एक गाय बांधलेली होती. लाली तिचं नाव, अदीनं ठेवलेलं. अदीनं तिला वासरू असल्यापासून वाढवलं होतं. घर सोडायचं ठरलं त्या सकाळी वडिलांनी दादांना सांगितलं, लालीला सोड, शेजारचे बघतील. मग सामान, रडारड, टांगा. "और बेटी," दादा म्हणाले, "मैंने रस्सी खोली कि नहीं, मेरे को याद नहीं."

मी टाइप करायची थांबले.

"अदी पूछती है. पचास साल हो गए. दर दिवाळीला विचारते, लछू, लाली को खोला था ना? मैं बोलता हूं, हां अदी, खोला था." ते आपल्या हातांकडे बघत होते. "आखरी पन्ना त्याच्यासाठी मागते ती."

तेव्हा मला कळलं की एवढं मोठं गाव आम्ही कशाला हिंडत होतो.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. दादा रोज येत आणि रोज नवा शेवट सांगत. दोर सोडला, लाली नहरेकडे चालत गेली. दोर सोडला नाही, शेजारच्या बाईनं सोडला. दोराला हात लावला तेवढ्यात वडिलांनी हाक मारली. सांगून झालं की मी वाचून दाखवी, आणि ते मान हलवत. "नको बेटी. काट." मी शेवटाला जाई, 'बेड़ा पार' मागे सारी, छाटी, पुसी. चहाला लागे त्याहून कमी वेळात एक सकाळ जाई आणि दुसरी येई. कधी कधी एका बैठकीत ते इतके शेवट करत की मला झोपेत ती गाय दिसू लागली, कधी दोरासकट, कधी दोराविना, आणि मी कुठलीतरी कळ दाबली की ती नाहीशी होई.

मला त्या दिवसांत आपल्या हुशारीचा राग येऊ लागला होता. पूर्वी फाइल उघडायलाच इतका वेळ लागायचा की माणूस एकदा सांगितलेलं राहू देई. आता छाटणं सोपं झालं होतं, म्हणून ते छाटत होते. आणि छाटलेलं कुठेही राहत नव्हतं. त्यातल्या काही सकाळी फार सुंदर होत्या, आज मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही याचं वाईट वाटतं.

एक दिवस दादा आले ते बसलेच नाहीत. अदीनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. "आज ही सुनाना है, बेटी. तू चल, वाचायला. मेरे को तो ये अक्षर आते नहीं."

फायलीत आदल्या दिवशीचा शेवट होता, लालीच्या हंबरण्याचा, त्यातल्या त्यात खरा वाटावा असा: 'रस्सी खोली कि नहीं, याद नहीं। मैं तांगे में आगे बैठ गया। लाली रंभाने लगी। नहर के पुल तक उसकी आवाज़ आती रही। बेड़ा पार।'

"ये काट," दादा म्हणाले. "लिख, मैंने लाली की रस्सी खोल दी. वह नीम के नीचे खड़ी हमें जाता देखती रही. बेड़ा पार."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मरणाऱ्याला काय सांगायचं, बेटी?" ते म्हणाले. "लिख."

मी लिहिलं. पहिला प्रोग्रॅम चालवला, आणि दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात वीज गेली. खालच्या मशिनी एकदम थांबल्या. त्या शांततेत दादा उभेच होते, भिंतीला टेकून. बॅटरीवर चालणारा डबा होता माझ्याकडे, पण तो माझ्यासारखाच थकलेला, तो एकदा किंचाळला आणि गप्प झाला. वीज आली तेव्हा दादांनी दार उघडूनच धरलं होतं. मी शेवटचं पान छापायला लावलं, प्रिंटरनं करकर करून कागद बाहेर टाकला, मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही निघालो.

अदींचं घर फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या जुन्या लष्करी बॅरकमधलं. आत ऊदबत्तीचा वास. सुनेनं रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी आणून ठेवलं, मरणाच्या दारातही त्यांच्याकडे तो चुकत नाही. खाटेवर अदी अगदी एवढ्याशा दिसत होत्या, डोळे मात्र टक्क उघडे. "अच, वेहु," त्या मला म्हणाल्या, म्हणजे ये, बस. मग भावाकडे वळल्या. "लिखा?"

"लिखा, अदी."

मी कागद उघडला आणि वाचू लागले. गल्ली, दार, कडुलिंब. वडिलांची हाक. "मैंने लाली की रस्सी खोल दी. वह नीम के नीचे खड़ी हमें जाता देखती रही. बेड़ा पार."

अदींनी डोळे मिटले. दादांनी श्वास सोडला. पण कागदावर ओळ संपलेली नव्हती. त्यापुढे 'ल तक उसकी आवाज़' असं काहीतरी होतं, आणि वाचायच्या ओघात माझं तोंड थांबलंच नाही. आदल्या दिवशी ते माझ्याच बोटांनी लिहिलेलं, त्यामुळे पुसलं गेलेलं 'पु' अक्षरही जिभेनं आपोआप भरून काढलं.

"पुल तक उसकी आवाज़ आती रही. बेड़ा पार."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. दुसरा प्रोग्रॅम चाललाच नव्हता. कालची सकाळ आजच्या सकाळीखालून बाहेर आली होती. मी कागद मांडीवर ठेवला. दादा माझ्याकडे बघत नव्हते, बहिणीकडेही नव्हते. पापडाच्या ताटलीकडे बघत होते.

अदींनी डोळे उघडले. आवाज खोल होता, पण शब्द स्वच्छ.

"पुल तक नहीं, लछू," त्या म्हणाल्या. "पुल के बहुत आगे तक. तू आगे बैठा था, तांगेवाले के पास. घोड़े के घुंघरू में तेरे को सुनाई नहीं दिया होगा. मैं पीछे बैठी थी."

मग दादा म्हणाले, लहान मुलानं विचारावं तसं, "तेरे को मालूम था? तो फिर पचास साल पूछती क्यों रही?"

"तू हां बोलता था ना," अदी म्हणाल्या. "तू हां बोलता था, तो उस दिन लगता था कि खुल गई होगी." मग, "तेरे को भी लगता था ना?"

दादा खाटेच्या काठावर बसले आणि त्यांनी बहिणीचा हात धरला. मी उठून बाहेर ओट्यावर गेले. तिथे सून पदर तोंडाला लावून उभी होती. मला रडू आलं ते त्या गाईसाठी की त्या दोघांसाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

अदी त्याच आठवड्यात गेल्या. दादा काही दिवस आले नाहीत. मग एका दुपारी नेहमीसारखे आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"बेटी, पीछे से खोल."

मी शेवटाला गेले. खोटी सकाळ, तिच्यापुढे 'बेड़ा पार', त्याच्यापुढे खऱ्या सकाळीचं शेपूट आणि पुन्हा 'बेड़ा पार', असं सगळं तिथे ओळीनं होतं. मी म्हटलं, "दादा, हे दोन्ही काढू?"

"दोनों काट. अब लिख." त्यांनी डोळे मिटले नाहीत. सरळ बघत हळूहळू सांगितलं, आणि मी लिहिलं: 'रस्सी मैंने खोली कि नहीं, मुझे याद नहीं। मैं तांगे में आगे बैठ गया, अदी पीछे बैठी। लाली रंभाने लगी। मैंने नहर के पुल तक सुना। अदी ने पुल के बहुत आगे तक सुना।'

मी वाचून दाखवलं. मान हलते का बघितलं. ती हलली नाही.

"बेड़ा पार लिहू?"

"लिख."

मी पहिला प्रोग्रॅम चालवला. मग सवयीनं दुसरा चालवायला गेले, जुनं पुसायचा, आणि शेवट तपासून बघितला. नवा शेवट आधीच्या सगळ्यापेक्षा लांब होता. त्याच्या पुढे पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.